पुण्याचं विमान मागू नका, नागपूरचं नीट मागा

प्रति,
नाशिक जिल्ह्यातले खासदार, आमदार आणि उद्योग-व्यापारी संघटनांचे पदाधिकारी

विषय: ओझरहून पुण्याच्या विमानाची मागणी सोडून नागपूरच्या विमानाची वेळ लावून घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

दिल्लीहून कोणी मंत्री नाशकात आले की त्यांच्या हातात निवेदन पडतं. त्यात ओझरच्या विमानतळावर एक परिच्छेद असतो आणि त्या परिच्छेदात पुणे हमखास असतं. रस्त्याने पाच-सहा तास जातात, विमान अवघ्या अर्ध्या तासात पोचवेल, असा त्याचा सूर. दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. सिंहस्थ जवळ आल्यापासून तर या यादीत रोज नवं शहर जोडलं जातंय. माझी विनंती एवढीच, की या यादीतून आधी पुणे काढा.

हे लिहिणारी मी कोणी विमानतज्ज्ञ नाही. सातपूरच्या एका कारखान्यात लोकांच्या प्रवासाची सोय बघण्याचं काम करते. तिकीट, गाडी, मुक्काम सगळं माझ्या टेबलावरून जातं. विमान हवेत किती वेळ होतं याच्याशी माझ्या साहेबांना काही देणंघेणं नसतं. माणूस घरातून किती वाजता निघाला आणि समोरच्याच्या दारात किती वाजता पोचला, एवढंच ते विचारतात. आपणही तेवढंच विचारावं असं मला वाटतं.

आधी अंतर बघू. नकाशावर ओझर आणि लोहगाव (पुण्याचा विमानतळ) ही दोन्ही ठिकाणं ७३ अंश ५५ मिनिटांच्या रेखांशावर आहेत, म्हणजे लोहगाव ओझरच्या जवळपास नाकासमोर दक्षिणेला. हवाई अंतर साधारण १७० किलोमीटर. रस्त्याने नाशिक-पुणे २१० च्या घरात जातं. एटीआर ७२ हे पंख्याचं विमान पूर्ण वेगात तासाला ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. १७० ला ५०० ने भागलं की वीस मिनिटं येतात, त्यात थोडी भर घातली की निवेदनातला अर्धा तास तयार.

पण एवढ्या छोट्या पल्ल्यात विमान पूर्ण वेगात जवळजवळ उडतच नाही. दहा-बारा मिनिटं चढण्यात जातात, तेवढीच किंवा थोडी जास्त उतरण्यात, आणि मधे सरळ उडायला पाच-सात मिनिटं उरली तर नशीब. त्यात ओझर आणि लोहगाव दोन्हीकडच्या धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत आणि जायचंय उत्तरेकडून दक्षिणेकडे. म्हणजे उडाल्यावर एक मोठं वळण, उतरताना दुसरं. शिवाय लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. तिथे सुखोईंचा तळ आहे, त्यामुळे नागरी विमानाला कधी खाली थांबावं लागतं, कधी वर घिरट्या घालाव्या लागतात. ओझर एचएएलचं, म्हणजे विमानं बांधणाऱ्या सरकारी कंपनीचं. १९६४ पासून तिथे मिग, पुढे सुखोई आणि आता तेजस अशी लढाऊ विमानं तयार होत आली आहेत आणि त्यांच्या चाचण्या त्याच धावपट्टीवरून होतात. एकाही टोकाला धावपट्टीचा मालक नागरी विमानतळ प्राधिकरण नाही, ही गोष्ट निवेदन लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येत नसावी.

विमान कंपन्यांना हे सगळं ठाऊक असतं. म्हणून त्यांच्या वेळापत्रकात विमानाचं दार लागल्यापासून पलीकडे दार उघडेपर्यंतचा वेळ धरतात. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. ओझर-लोहगावसाठी तो पन्नास मिनिटं ते एक तास धरावा लागतो. एटीआरच्या जागी मोठं जेट आणलं तरी त्यात पाच-सात मिनिटांहून जास्त वाचत नाहीत.

आता उरलेला वेळ मोजा. कॉलेज रोडवरून किंवा इंदिरानगरहून निघून द्वारका, आडगाव, दहावा मैल करत जानोरीच्या, म्हणजे ओझर विमानतळाच्या, टर्मिनलला पोचायला पाऊण ते एक तास, तोही द्वारकेच्या चौकाने कृपा केली तर. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून सव्वा तास आधी हजर. मग विमानाचा तासभर. उतरून बॅग घेऊन बाहेर पडायला वीस मिनिटं. लोहगावहून पुण्यात कुठेही जायचं तर पाऊण तास, आणि संध्याकाळ असेल तर मी आकडा सांगत नाही. बेरीज चार तासांच्या पुढे जाते. ठक्कर बाजारातून सुटणारी बस पाच-साडेपाच तासांत पुण्यात नेते, शिवाय दिवसभर सुटत राहते. विमान दिवसातून एकदाच.

ही बेरीजसुद्धा मी पुणे शहरात जाणाऱ्या माणसासाठी मांडली. आमच्यासारख्या कारखान्यांची माणसं पुण्यात जातात कुठे? चाकणला, भोसरीला, पिंपरीला. यातलं चाकण तर नाशिक-पुणे महामार्गावरच आहे, पुण्याच्या अलीकडे. विमानाने गेलेला माणूस चाकणच्या पुढे जाऊन लोहगावला उतरणार आणि तिथून टॅक्सी करून पुन्हा नाशिकच्या दिशेने परत येणार! सिन्नरच्या एमआयडीसीतल्या माणसाची कथा याहून न्यारी. सिन्नर नाशिकच्या दक्षिणेला, म्हणजे आधीच पुण्याच्या वाटेवर. त्याने पुण्याला जायचं म्हणून आधी नाशिक ओलांडून उत्तरेला ओझर गाठायचं. तेवढ्या वेळात तो गाडीने संगमनेर मागे टाकून घाट चढत असतो.

प्रयोग झाले नाहीत असंही नाही. छोट्या शहरांना विमानाने जोडण्यासाठी केंद्राने आणलेल्या उडान योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं एकोणीस आसनी बीचक्राफ्ट मुंबई-नाशिक-पुणे उडालं. पुढे अलायन्स एअरच्या एटीआरनेही पुणे-नाशिक करून पाहिलं. दोन्ही टिकलं नाही. दर वेळी कंपनीला किंवा योजनेला दोष देऊन आपण पुन्हा तेच मागायला मोकळे. सगळ्यात जास्त इंधन चढताना जळतं, उतरण्याचं शुल्क अंतर बघून कमी होत नाही, आणि चाकांपासून इंजिनापर्यंतची झीज किलोमीटरपेक्षा उड्डाणांच्या संख्येवर जास्त अवलंबून असते. १७० किलोमीटरचं तिकीट या खर्चाला पुरेल एवढं महाग ठेवलं तर बसणार कोण?

मुंबईचं तर विचारूच नका. ओझर ते सांताक्रूझ हवेतून १६० किलोमीटरही नाही. १९७५ पासून पंचवटी एक्सप्रेस आहे, फेब्रुवारी २०२३ पासून शिर्डीची वंदे भारतही नाशिकरोडला थांबते. तो विषय इथेच संपला.

पुण्यासाठी आपलं सगळं वजन जिथे पडायला हवं ती जागा म्हणजे रेल्वे. दोन्ही शहरांत थेट लोहमार्ग नाही. आजही कल्याणचा नाहीतर मनमाड-दौंडचा वळसा घ्यावा लागतो. २३५ किलोमीटरच्या सेमी हायस्पीड मार्गाचा आराखडा झाला, मग नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला अडथळा येईल म्हणून तो अडला आणि शिर्डीकडून वळवण्याचा पर्याय पुढे आला. दुर्बिणीची हरकत मला पटते. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश अवकाशातून येणारे अगदी क्षीण रेडिओ संकेत टिपत असताना शेजारून विजेवरची गाडी धडधडत नेणं बरं नव्हे. पण त्या परिसराला वळसा घालून मार्ग सरळ ठेवता येतो का, यावर नाशिकचा आवाज जेवढा यायला हवा तेवढा येत नाही. संगमनेर, जुन्नरवाले आमच्यापेक्षा जोरात बोलतात. आपण मात्र विमानाच्या परिच्छेदात गुंतलेले.

आता नागपूर.

ओझर ते सोनेगाव (नागपूरचा विमानतळ) हवाई अंतर साधारण ५४५ किलोमीटर. रेल्वेने नाशिकरोड-नागपूर ६५० किलोमीटर, सिन्नरजवळ गोंद्याला समृद्धीवर चढून गेलं तर सहाशेच्या आसपास. एटीआरला ब्लॉक टाइम दीड ते पावणेदोन तास लागतो. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून असतो, तेव्हा जाताना दहाएक मिनिटं वाचतात आणि येताना तीच परत द्यावी लागतात. बाकीचा वेळ पुण्याइतकाच: ओझरला पोचणं, सव्वा तास आधी हजर राहणं, बाहेर पडणं. उलट सोनेगाव नागपुरात जवळजवळ शहरातच असल्याने तिथे अर्ध्या तासात माणूस कामाच्या जागी. दारापासून दारापर्यंत साडेचार, फार तर पावणेपाच तास होतात.

समृद्धीवर गाडीला १२० ची मर्यादा आहे. नाशकातून गोंद्यापर्यंत जाणं, डिझेल, चहा, जेवण धरलं तर आठ तास लागतात, आणि एवढा सरळ एकसुरी रस्ता दिवसात दोनदा कापायला मी आमच्या ड्रायव्हरला सांगणार नाही. म्हणजे विमान एका बाजूला तीन-साडेतीन तास वाचवतं. पुण्याला जेमतेम तास वाचतो. विमानतळावर जाणारे दोन-तीन तास दोन्हीकडे सारखेच आहेत. फरक पडतो तो हवेत काय मिळतं याने. माझ्या अनुभवात अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या आत विमानाचा विचार करण्यातच अर्थ नसतो.

तरी नागपूरच्या विमानाला एक भक्कम प्रतिस्पर्धी आहे, तो म्हणजे विदर्भ एक्सप्रेस. रात्री दहाच्या सुमाराला नाशिकरोडला बसायचं, झोपायचं, सकाळी नागपूर. दहा-अकरा तास लागतात खरे, पण ते झोपेत जातात. दिवसाचा एकही तास त्यात खर्ची पडत नाही. म्हणून दुपारी बाराला उडून पावणेदोनला उतरणारं विमान या गाडीपुढे टिकत नाही. त्या विमानाने अर्धा दिवस जाण्यात, अर्धा येण्यात आणि वर एक मुक्काम. आमचे लोक अशा वेळी सरळ सांगतात, विदर्भचं बघा. मार्च २०२३ मध्ये इंडिगोने नाशिकहून नागपूर, गोवा, अहमदाबाद सुरू केलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विमान किती वाजता आहे, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारलं?

आणि हे विमान हवंय कोणाला, याचाही विचार आपण उलट्या टोकाने करतो. आपल्याला वाटतं नाशिकच्या उद्योजकाला हवंय. त्याला हवंच आहे. पण त्याच्याहून जास्त गरज नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीच्या माणसाला आहे, कारण त्याच्या कामाची निम्मी कार्यालयं आपल्या गावात येऊन बसली आहेत. १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे आणि विदर्भातली मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, नर्सिंग कॉलेजं त्याच्याशी जोडलेली आहेत. १९८९ पासून मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या बाजूला आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशकात आहे. गडचिरोलीच्या आश्रमशाळेचा प्रश्न घेऊन एखादा अधिकारी किंवा संस्थाचालक निघतो, तेव्हा त्याला आधी नागपूर गाठायलाच दीड-पावणेदोनशे किलोमीटर पडतात. पोलीस अकादमीही इथेच. ही माणसं रात्रभर प्रवास करून सकाळी नाशिकरोडला उतरतात, कुठल्यातरी लॉजवर तोंड धुतात, साहेबांच्या दाराबाहेर बसतात आणि संध्याकाळी पुन्हा गाडी पकडतात. विदर्भाच्या अनुशेषावर आपण भाषणं ऐकली आहेत. हा अनुशेष आपल्या गावात, जुन्या आग्रा रोडवर रोज बघायला मिळतो.

म्हणून माझी सूचना नाशिककरांना थोडी खटकेल. विमान रात्री नागपुरात मुक्कामाला असू द्या. सकाळी सातला नागपूरहून निघालं की साडेआठ-पावणेनऊला ओझर. त्यातून उतरलेला माणूस दहाच्या आत म्हसरूळला किंवा आयुक्तालयात. तेच विमान अर्ध्या तासात नाशिकच्या लोकांना घेऊन परत निघालं की अकराच्या आत सोनेगावला. मधल्या वेळात कंपनीने ते नागपूरहून दुसरीकडे कुठेही फिरवावं. संध्याकाळी पाचला नागपूरहून आपली माणसं घेऊन पावणेसातला ओझर, आणि सव्वासातला विदर्भवाल्यांना घेऊन परत. त्यांना नाशकात सात तास मिळतात, आपल्याला नागपुरात चार. मुक्काम कोणालाच नाही. ओझरला रात्री विमान उभं करायचा प्रश्नही उरत नाही, कारण विमान झोपायला घरी जातं.

नाशिकहून पहाटे विमान हवं, असा आग्रह आपल्यातले काही जण धरतील. त्यांना माझं सांगणं आहे की आपल्याला तिथे चार तासांचं काम पुरतं. आपण माल दाखवायला आणि वसुलीला जातो. त्यांना इथे फाइल हलवायची असते. फाइलीला जास्त वेळ लागतो.

रोजची सेवा लगेच मागू नका. एटीआरमध्ये सत्तर ते अठ्ठ्याहत्तर जागा असतात, दोन फेऱ्यांच्या चार उड्डाणांत तीनशेच्या आसपास होतात. एवढे प्रवासी पहिल्या महिन्यात मिळणार नाहीत. सोमवार ते शुक्रवार मागा, कारण सरकारी कार्यालयं शनिवारी बंद असतात. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा विमान भरायची जबाबदारी तर आपणच घेऊ शकता! आरोग्य विद्यापीठाने परीक्षक आणि समिती सदस्यांच्या प्रवासासाठी, आदिवासी विकास विभागाने अधिकाऱ्यांसाठी ठरावीक जागा आगाऊ घेतल्या तर कंपनीला जो भरवसा मिळेल तो निवेदनांनी मिळणार नाही. उडानचं अनुदान मिळालं तरी ते साधारण तीन वर्षांचं असतं. त्यानंतर हीच माणसं विमान चालू ठेवणार आहेत.

ओझरपर्यंत जाण्याचं काय, हा प्रश्न आपल्याच हातातला आहे, दिल्लीचा नाही. महापालिकेच्या सिटीलिंकची एक बस विमानाच्या वेळेला बांधून द्या. नाशिकरोड, द्वारका, आडगाव, जानोरी अशी. विमान उशिरा आलं तर बसने थांबलं पाहिजे, नाहीतर त्या बसचा उपयोग नाही. आणि म्हसरूळच्या विद्यापीठाला येणाऱ्या माणसाला द्वारकेच्या कोंडीत कशाला घालायचं? जानोरीहून दिंडोरी रोडला निघणारा रस्ता आहे, तो नीट ठेवला तर तो शहरात शिरायच्या आधीच विद्यापीठाच्या दारात पोचतो. एचएएलकडूनही एक गोष्ट हवी: सकाळी साडेआठ ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेसात धावपट्टी नागरी विमानासाठी मोकळी राहील, हे कागदावर. लढाऊ विमानांच्या चाचण्यांचं महत्त्व कोणी नाकारत नाही. दोन तास राखून ठेवणं एवढीच मागणी आहे.

निवेदन कधी द्यायचं तेही सांगते, कारण आपली निवेदनं बहुतेक वेळा गाडी सुटल्यावर पोचतात. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मार्चपासून लागू होणाऱ्या वेळापत्रकासाठी कंपन्या आदल्या ऑक्टोबरपासूनच स्लॉट, म्हणजे विमानतळावरच्या ठरलेल्या वेळा, मागायला लागतात. म्हणजे फेब्रुवारीत मंत्र्यांच्या हातात कागद ठेवून काही होत नाही. कागद सप्टेंबरात जायला हवा, तोही मंत्रालयाच्या आधी विमान कंपनीच्या मार्ग आखणाऱ्या विभागाकडे, आणि सोबत विद्यापीठ व आयुक्तालयाची पत्रं जोडलेली असावीत.

कोणत्या दिवशी कुठल्या कंपनीची किती माणसं नागपूरला जातात, याची माहिती सातपूर-अंबडच्या प्रत्येक कारखान्यात माझ्यासारख्या कोणाच्या तरी टेबलावर पडलेली आहे. आपल्या संघटनांनी एक साधा फॉर्म पाठवला तर आम्ही ती भरून देऊ. ऑगस्टअखेरपर्यंत फॉर्म आला तर बरं, गणपतीत कोणी जागेवर सापडत नाही.

आपली,
सातपूरच्या एका कारखान्यातली तिकिटं काढणारी नाशिककर